दादाच्या वाट्याचं पिवळं

माणूस वय चोरतो, पगार चोरतो, जेवून आलोय की उपाशी आहे तेसुद्धा चोरतो. पण टेपसमोर उभा राहिला की त्याचं सगळं उघडं पडतं. पोट आत ओढून उभे राहणारे मला दारातूनच ओळखू येतात. मी त्यांना मुलांचं विचारते, मग पावसापाण्याचं विचारते. तिसऱ्या प्रश्नाला त्यांचा श्वास सुटतो, आणि तेव्हाच मी टेप आवळते. एकतीस वर्षं झाली. मापांच्या सहा वह्या भरल्या. कोण सुखात आहे, कोणाला सून पसंत नाही, कोण डॉक्टरकडे जायचं टाळतोय, सगळं त्यांत आहे. फक्त इंचांत आहे, एवढंच.

म्हणून माझ्या सख्ख्या दादाची छाती पाच वर्षांत साडेअडतीसवरून छत्तीसवर आली, ते माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणायची मला सोय नाही. मीच मोजली होती. मीच लिहिली होती. वर त्याला म्हणाले होते, “बरं आहे, कापड कमी लागतं.”

आमचं दुकान एकच, खिडक्या दोन. उजव्या खिडकीत माझं मशीन, डाव्या खिडकीत दादाचं टेबल. मी माणसांचे कपडे दुरुस्त करते, तो घड्याळं. मी मागच्या खोलीत राहते, तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर. मी लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर सांगते की माप बसलं नाही. दादा मला लहानपणापासून ‘टेप’ म्हणतो. एक तर मी सगळ्यांना मोजते म्हणून, आणि दुसरं म्हणजे एकदा बोलायला लागले की गुंडाळत नाही म्हणून.

दादाचं खाणं म्हणजे एक प्रकरणच आहे. लहानपणी घशात काटा अडकला, तेव्हापासून मासा बंद. मांसाचा वासही सोसत नाही. दूध-दही पोटाला चालत नाही, त्यामुळे चहा काळा. राहिली अंडी. सकाळी दोन उकडलेली अंडी, मीठ, मिरपूड. ती तो घड्याळ उघडल्यासारखी खायचा: आधी पांढरं भोवतीने सोलून संपवायचं, मग पिवळा गोळा अख्खा तोंडात टाकायचा आणि डोळे मिटायचे. ते डोळे मिटणं संपेपर्यंत वहिनीसुद्धा त्याच्याशी बोलायची नाही.

आता मूळ प्रकरण.

पाच वर्षांपूर्वी वहिनीचा भाऊ गेला. बसल्या जागी, चहाचा कप हातात असताना. धडधाकट माणूस. वहिनी पंधरा दिवसांनी माहेराहून परत आली ती दादाच्या छातीकडे बघतच. तो जरा खोकला की हिचा हात त्याच्या पाठीवर. त्याच दिवसांत एका दुपारी ती खाली दुकानात येऊन बसली होती. मी आमच्या बँडमास्तरच्या कोटाची बाही बेतत होते. बेतायला आधी कागद कापावा लागतो, आणि कागद म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. एवढ्या कामाला नवा कागद कोण आणतं? मुंढ्याची, म्हणजे खांद्याकडची, गोलाई कापून झाली. बाहीचा तुकडा मी बाजूला ठेवला आणि उरलेली चिंधी चुरगळता चुरगळता नजर गेली. माझी एक वाईट सवय आहे. अक्षर दिसलं की मी मोठ्याने वाचते.

“बघा वहिनी, अंड्याचं काय आलंय,” मी म्हणाले, आणि वाचलं. पिवळ्या बलकात कोलेस्टेरॉल खच्चून भरलेलं असतं. ते रक्तवाहिन्यांत साचतं. हृदय जपायचं असेल तर बलक काढून फक्त पांढरं खावं. खाली पांढऱ्याशुभ्र अंड्याचं चित्र होतं, म्हणजे अर्धं. बाकीचं अर्धं कात्रीने नेलं होतं.

वहिनीने माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि छातीशी धरला. “वन्सं,” ती म्हणाली, “तुम्ही वाचलं नसतं तर मी त्यांना रोज विष घालत राहिले असते.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझा दोष नीट मापात बसेल. लग्न होऊन आल्यापासून वहिनीने माझं एकही मत विचारलं नव्हतं. पडदे कोणत्या रंगाचे हवेत, ते शिंप्याच्या घरात शिंपिणीला विचारायचं नाही, इतका कडक कारभार. आणि त्या दुपारी ती मला म्हणाली, तुम्ही वाचलं नसतं तर. मला बाई ते फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवसापासून दादाच्या ताटलीत दोन पांढऱ्या टोप्या आल्या. आत पोकळ. त्याने एक उचलून आत डोकावून पाहिलं.

“मशीन कुठे गेलं?” त्याने विचारलं.

“हृदयाला वाईट असतं,” वहिनी म्हणाली. “पेपरात आलंय. वन्संनी वाचून दाखवलं.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. “काय गं टेप, माझ्या नाश्त्यावर उठलीस?”

“जिवापेक्षा नाश्ता मोठा आहे का?” मी ऐटीत म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

राहिला प्रश्न बलकांचा. वहिनीला भाताचं शीतसुद्धा टाकवत नाही. तिला स्वतःला अंड्याचा वास आवडत नाही. मग ती दुसऱ्याच दिवशी एका वाटीत दोन पिवळे गोळे घालून खाली घेऊन आली.

“वन्सं, टाकायचं जिवावर येतं. तुमचं हृदय ठीक आहे ना?”

“माझ्या हृदयाला आजवर कामच काय पडलंय?” मी म्हणाले, आणि वाटी घेतली.

मग रोज वाटी येत राहिली. मी पाव भाजायचे, त्यावर ते पिवळं ठेचून पसरायचे, मीठ-मिरपूड टाकायचे. खिडकीत बसून खायचे, दादाकडे पाठ करून. त्याला दिसू नये म्हणून नव्हे, उजेड तिकडून येतो म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे. दिवसाला दोन, वर्षाला सातशेच्या घरात. लग्नसमारंभ, आजारपणं वजा केली तरी पाच वर्षांत साडेतीन हजार बलक कुठे गेले नाहीत. या पोटात गेले. माझे केस दाट झाले. माझ्या स्वतःच्या कपड्यांना मी दोनदा कळ्या घालून घेर वाढवला. गिऱ्हाइकं म्हणायची, “बाई, तुमच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय!” डाव्या खिडकीत दादा भिंग लावून बसलेला असायचा. त्याला कोणी काही म्हणत नसे.

इथपर्यंत मी मूर्ख होते. मूर्खपणाला माफी असते. पुढचं ऐका.

तीन वर्षांनी बँडमास्तर नवा कोट शिवायला आला. माणसाचं पोट बदलतं, हात बदलत नाहीत. म्हणून बाह्यांचे कागद मी खुंटीला अडकवून जपून ठेवते. त्याचा कागद काढला, कापडावर पसरला, खडू घेतला. आणि सवयीप्रमाणे वाचायला लागले. तोंडातल्या तोंडात.

तो त्याच बातमीचा दुसरा भाग होता. लेखाचे दोन रकाने होते. मी वहिनीला वाचून दाखवला तो पहिला, त्यात पूर्वी लोकांना काय वाटायचं ते सांगितलं होतं. दुसऱ्यात आता काय कळलं आहे ते होतं, आणि तो मुंढ्याच्या गोलाईबरोबर बाहीत गेला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: अंड्यातली निम्म्याच्या जवळपास प्रथिनं बलकात असतात. अ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, ब-बारा, मेंदूला लागणारी द्रव्यं, डोळ्यांना लागणारी द्रव्यं, यातलं बहुतेक सगळं पिवळ्यात असतं. पांढऱ्यात जवळजवळ नाहीच. खाण्यातलं कोलेस्टेरॉल बहुतेकांच्या रक्तात वाटतं तेवढं उतरत नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असेल त्याने डॉक्टरांना विचारावं, बाकी निरोगी माणसाने अंडं पूर्ण खावं. जे मासे-मांस खात नाहीत, त्यांनी तर जरूर.

बँडमास्तर समोर हात लांब करून उभा होता. “काय बाई, माझा हात लांब झाला काय?”

“नाही, नाही,” मी म्हणाले. “तेवढाच आहे.”

कागद मी परत खुंटीला लावला. ठरवलं, उद्या वहिनीला सांगू. उद्या सकाळी वाटी आली. वहिनी दारात उभी राहून विचारत होती, “वन्सं, त्यांच्या बहिणीच्या नात्याने सांगा, सोफ्याला हिरवं कापड घेऊ की करडं?” आता या बाईला मी सांगणार की तीन वर्षं मी तुमच्या नवऱ्याच्या ताटातलं सोनं अर्धी चिंधी वाचून काढून घेतलं? मी म्हणाले, करडं घ्या. मग पाव भाजला.

परवा सांगू, म्हटलं. मग म्हटलं, दादाला कुठे काही होतंय? चांगला आहे. मग म्हटलं, वर्तमानपत्रवाल्यांचं काय, आज हे छापतात, उद्या ते. असं करत दोन वर्षं गेली. खोटं मी एकदाही बोलले नाही. कोणी विचारलंच नाही.

पहिल्यांदा स्क्रू पडायला लागले. घड्याळाचा स्क्रू म्हणजे मुंगीचं डोकं. दादाच्या चिमट्यातून तो आधी वर्षाला एखादा निसटायचा. आता रोज आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फरशीवर लोहचुंबक फिरवायचो.

“स्क्रूंना पाय फुटलेत,” दादा म्हणायचा.

मग तो म्हणाला, बोटांना मुंग्या येतात. मग म्हणाला, अनवाणी चाललो तरी पायात मोजे घातल्यासारखं वाटतं. मग एका सकाळी त्याने एका म्हाताऱ्या शिक्षिकेचं घड्याळ उघडलं. तिच्या वडिलांचं, सोन्याच्या पाण्याचं. आतली केसासारखी कमान त्याच्या चिमट्यात आली आणि त्याला कळलंच नाही की ती चिमट्यात आहे. त्याने हात उचलला, आणि कमान ताणली जाऊन दोऱ्यासारखी सरळ झाली.

दादाने भिंग काढलं. बराच वेळ त्या तारेकडे बघत बसला. मग घड्याळाचं झाकण लावलं, टेबलावरची सगळी हत्यारं एकेक करून फडक्यात गुंडाळली आणि म्हणाला, “टेप, आता तुझी खिडकी मोठी कर. या खिडकीचं काम संपलं.”

उभ्या जन्मात मी त्याला एवढं शांत बोलताना ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी आणि वहिनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दादाला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाने एकेक बोट शिवलं. दादा “हो, हो” म्हणत होता, त्या शिवत नव्हत्या तेव्हासुद्धा. रक्त तपासायला दिलं. तीन दिवसांनी कागद समोर ठेवून त्यांनी विचारलं, “आजोबा, खाता काय तुम्ही?”

“आजोबा कोण?” दादा म्हणाला. “एकसष्ट वय आहे.”

“बरं, काका. मासे?”

“नाही.”

“मांस? दूध?”

“नाही. अंडी खातो. रोज दोन.”

“मग एवढं कमी कसं?” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “ब-बारा जवळजवळ तळाला गेलंय. ड सुद्धा. रोज दोन अंडी खाणाऱ्याचं असं होत नाही.”

“फक्त पांढरं,” वहिनी म्हणाली. आवाजात थोडा अभिमान होता. “पाच वर्षं झाली. बलकाचा कणसुद्धा पोटात जाऊ दिला नाही मी.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “का?”

“हृदयासाठी.”

“काकांच्या हृदयाला काही झालं होतं?”

“नाही. माझ्या भावाला...”

“काकू,” त्या हळू म्हणाल्या, “यांच्या खाण्यात ब-बारा देणारी एकच गोष्ट होती. ती तुम्ही रोज काढून टाकत होतात. शरीरात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून लगेच कळलं नाही. आता इंजेक्शनं घ्यायची, आणि उद्यापासून अंडं पूर्ण.”

“बोटं?” दादाने विचारलं.

“बरीचशी येतील. किती, ते मी आज सांगू शकत नाही. जे फार दिवस गेलेलं असतं ते सगळं परत येतंच असं नाही.”

वहिनीचा चेहरा असा झाला, जसा उसवलेल्या शिवणीचा होतो. टाके जागेवर, दोरा नाही.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाली, “या हातांनी. रोज सकाळी. या हातांनी काढलं मी.” दादा तिची समजूत घालत होता. “अगं, तू काय मुद्दाम केलंस?” तो जितका समजूत घाली तितकी ती जास्त रडे. मी दारात उभी होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं आहे. खवखव जिभेला होत नाही. इथे, बरगडीखाली होते. माझं ओझं दुसरीच बाई डोक्यावर घेऊन बसली होती, आणि मी ते तिला बिनधास्त वाहू देत होते.

मी खाली गेले. खुंटीवरून बँडमास्तरची बाही काढली. वर आणून वहिनीच्या मांडीवर ठेवली.

“हे काय?”

“वाचा.”

तिने वाचलं. सावकाश, बोट फिरवत. वाचून झाल्यावर कागद उलटा केला, परत सुलटा केला.

“हा त्याच लेखाचा तुकडा आहे?”

“हो. बाहीत गेला होता.”

“आत्ता सापडला?”

इथे मला ‘हो’ म्हणता आलं असतं. एक अक्षर. जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “बँडमास्तरने दुसरा कोट शिवला तेव्हा.”

वहिनी हिशेबाला पक्की आहे. बँडमास्तर तो कोट घालून कोणत्या वरातीत वाजवत होता, ते तिला पाठ. “दोन वर्षं,” ती म्हणाली.

“दोन वर्षं.”

“आणि वाटी घेत होतात.”

“घेत होते.”

ती रडायची थांबली. तेच मला जास्त लागलं. “वाटी चकचकीत असायची,” ती म्हणाली. “पावाने पुसून पाठवायचात. मला वाटायचं, किती काळजी घेतात, मला घासायला त्रास नको म्हणून.”

दादा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी तोच म्हणाला, “तरीच हिचे केस असे घोड्याच्या शेपटीसारखे झाले. माझ्या डोक्यावर असते तर वाया गेले असते.”

कोणी हसलं नाही. मग त्याने मला जवळ बोलावलं. “टेप, मला का नाही सांगितलंस? हिची भीती वाटत होती, ठीक. माझी कसली भीती?”

“तुझी नाही,” मी म्हणाले. “मी शहाणी आहे असं पहिल्यांदाच कोणाला तरी वाटत होतं.”

“फार महाग पडलं गं तुझं शहाणपण,” तो म्हणाला. रागावून नाही. रागावला असता तर मी जेवले असते त्या दिवशी.

वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. निरोप दादामार्फत. “यांच्या बहिणीला म्हणावं, दार लोटून घ्या.” मी समोरच उभी असायचे. दादाला मधल्या मध्ये टपाल पोचवावं लागायचं. “बहिणी, दार लोट. बायको, लोटते म्हणतेय.” इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. सकाळी ताटलीत दोन अख्खी अंडी. मी अंड्याला हात लावणं सोडलं. कोणी बंदी घातली नव्हती, पण पिवळं दिसलं की घास फिरायचा. दादाने एकदा डोळे वटारले. “तू उपाशी राहिलीस म्हणून माझ्या बोटांना काय मिळणार आहे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते तुलाही लागू आहे. खा.” तरी जमेना.

मग खबरा यायला लागल्या. दादा सकाळी खाली उतरायचा आणि जाहीर करायचा, “डावा अंगठा आला!” दोन आठवड्यांनी, “उजवा अंगठा. शेजारचं बोटही येतंय, वाटेत आहे.” मी मापांच्या वहीत त्याच्या नावाखाली तारीख घालून लिहीत गेले. आधीचं पान छातीचं होतं, हे बोटांचं. तिसऱ्या महिन्यात तो म्हणाला, “दहाही हजर.” डॉक्टरीणबाईंना त्याने तेच सांगितलं. त्यांनी कापूस फिरवला, त्याने पटापट “हो” म्हटलं, त्यांनी इंजेक्शन महिन्याला एक केलं. हत्यारांचं फडकं सुटलं. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांची कामं तो घेऊ लागला. मनगटावरची घेत नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, “हळूहळू.”

मी खोलात गेले नाही. मला तेच ऐकायचं होतं.

वहिनीही सैल होत चालली होती. एकदा जिन्यात समोरासमोर आलो तर तिने वाट दिली. एकदा दादामार्फत न पाठवता स्वतः म्हणाली, “पाणी जाणार आहे आज, भरून ठेवा.” सहा शब्द. मी मोजले. आणि परवा तिने वरून शर्टाचं कापड पाठवलं, दादासाठी. सोबत चिठ्ठी: छाती नीट मोजून घ्यावी.

मी मोजली. साडेसदतीस. आनंदाने बेतायला घेतलं. दादा माझ्या टेबलाला टेकून उभा होता, बँडमास्तरची नक्कल करत होता. उजवा हात मागे टेबलावर. इस्त्री मी नुकतीच उभी केली होती, तापलेली.

“...आणि तो म्हणतो, बाई, कोट असा शिवा की गाल फुगवले तरी बटण तुटू नये. मी म्हटलं, मास्तर, गालाला बटण कोण...”

मला वास आला. आधी वाटलं कापड. खाली बघितलं तर दादाची करंगळी आणि शेजारचं बोट इस्त्रीच्या तळाला टेकलेली होती. आणि दादा हसत होता. गालांबद्दल बोलत होता.

मी त्याचा हात खेचला. बोटांवर पांढरे चट्टे उठले होते. त्याने हाताकडे पाहिलं, मग इस्त्रीकडे, मग माझ्याकडे, आणि त्याचं हसू तसंच राहिलं, काढायचं विसरलेल्या भिंगासारखं.

“दादा.”

“अगं, काही नाही. जाड कातडी आहे.”

“दहाही हजर ना?”

मी त्याचा हात बादलीतल्या पाण्यात धरला. पाण्याकडे बघत तो म्हणाला, “आठ आहेत. सात म्हण. दोन अंगठे खरंच आले.”

“मग डॉक्टरीणबाईंना कशाला सांगितलंस?”

“तू वहीत लिहायचीस ना,” तो म्हणाला. “लिहिताना तुझा चेहरा बघायचो. आणि वरचीचा पण. मी एक बोट जाहीर केलं की ती त्या दिवशी तुझ्याबद्दल एखादं वाक्य कमी वाईट बोलायची. म्हटलं, तीन बोटांत दोन बायका परत जोडल्या जातात, काय वाईट सौदा?”

“आणि त्यांनी इंजेक्शन कमी केलं, ते?”

“त्याचं बघू गं. टेप, ऐक.” त्याने ओल्या हाताने माझा हात धरला. “वर सांगू नकोस. मी मलम लावतो, म्हणतो चहा सांडला. परवा शर्टाचं कापड दिलंय तिने. आणखी एक महिना, मग तुम्ही दोघी पहिल्यासारख्या. माझ्यासाठी गप्प बस. तुला जमतं ते.”

‘तुला जमतं ते’ यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की हा माझा गुण आहे. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. चट्ट्यांच्या कडेने फोड उठायला लागले होते, आणि तो फोड आलेला हात माझ्या हातावर थोपटत होता, मला धीर देत होता.

वर वहिनीच्या पावलांचा आवाज येत होता. काहीतरी गुणगुणत होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मला कळत होतं की मी हाक मारली तर हे गुणगुणणं थांबेल. शर्ट अर्धा राहील. जिन्यातली वाट बंद होईल, बहुधा कायमची, कारण आता ती म्हणणार की यांना खोटं बोलायलासुद्धा तुमच्यासाठीच लागलं. आणि तिचं म्हणणं बरोबर असेल.

“टेप,” दादा म्हणाला. “माझी शपथ.”

“तुझ्या शपथेने तुझी बोटं येत नाहीत,” मी म्हणाले.

मी जिन्याच्या पायथ्याशी गेले. हाक मारली ती एवढी मोठी की रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली.

“वहिनी! खाली या. डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. आणि पैंजण-बिंजण राहू द्या, आहात तशा या.”

गुणगुणणं थांबलं.

“काय झालं?” तिने वरून विचारलं. दादामार्फत नाही, थेट मला.

“बोटं आलेली नाहीत,” मी म्हणाले. “तुमचा नवरा खोटं बोलतोय, आणि मला ते आधीच कळायला हवं होतं.”